लायब्ररीचा लॅपटॉप चार तासांत परत का द्यायचा?

लायब्ररीचा लॅपटॉप घेऊन कॉलेजचा अभ्यास करावा का नाही यावर हल्ली जो वाद सतत चाललेला दिसतो, त्यात दोन्ही बाजू चुकताहेत आणि वर मोठ्या आवाजात चुकताहेत. एक बाजू म्हणते की कॉलेजला जायचं तर स्वतःचा लॅपटॉप हवाच, उसनवारीवर कुठे डिग्री होते का, आणि लायब्ररीने आपली पुस्तकं सांभाळावीत, हे नसतं लोढणं गळ्यात बांधून घेऊ नये. दुसरी म्हणते की अहो काउंटरवर लॅपटॉप मिळतोय ना, कार्ड दाखवा आणि घ्या, आता ‘मशीन नव्हतं म्हणून सबमिशन राहिलं’ ही सबब चालणार नाही. म्हणजे पहिल्यांना उसनं घेणं हाच दोष वाटतो आणि दुसऱ्यांना लॅपटॉप काउंटरवर आणून ठेवला की विषय संपला असं वाटतं. तो किती वेळासाठी मिळतो, त्यावर काय चालतं, परत देताना त्यातल्या कामाचं काय होतं, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. उसन्या लॅपटॉपवर अख्खी डिग्री होऊ शकते आणि त्यात कमीपणा काही नाही, पण तो तासांच्या हिशोबाने दिला तर नाही होणार. ज्याच्याकडे दुसरं मशीनच नाही त्याला तो पूर्ण टर्मसाठी मिळायला हवा, आणि टर्मभर केलेलं काम त्यावर टिकायला हवं.

तासांचा लॅपटॉप म्हणजे काय हे ज्यांनी तो वापरलेला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो, कारण खरी अडचण इथेच आहे. बऱ्याच लायब्रऱ्या लॅपटॉप दोन-चार तासांसाठी देतात, पुष्कळदा इमारतीबाहेर न्यायचा नाही या अटीवर, आणि त्यात डीप फ्रीझसारखं काहीतरी टाकलेलं असतं ज्यामुळे मशीन रीस्टार्ट झालं की पुन्हा कोरं करकरीत. डेस्कटॉपवर सेव्ह केलेली फाईल गेली, डाऊनलोड केलेले पीडीएफ गेले, बुकमार्क गेले, आपल्या भाषेचा कीबोर्ड टाकला होता तोही गेला. अ‍ॅडमिन पासवर्ड आपल्याकडे नसतो त्यामुळे बरंचसं सॉफ्टवेअर टाकताच येत नाही, आणि जे टाकता येतं ते उद्या परत टाकायचं. कॉलेजच्या पोर्टलला हे मशीन रोज अनोळखी, म्हणून रोज ओटीपी, आणि नेमकी मोबाईलची बॅटरी संपलेली असेल तर बसा हात चोळत. सुरुवातीचा वेळ मांडामांडीत जातो, शेवटचा सगळं ड्राईव्हवर नीट चढलं का ते बघण्यात आणि कुठे कुठे लॉगिन राहिलंय ते आठवण्यात. निबंध लिहायचा असेल तर हे एकवेळ चालून जातं. पण स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टसाठी आर नावाचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायची डझनभर पॅकेजं लागतात, व्हिडिओ एडिटिंगच्या कोर्सला मोठमोठ्या फाईली पडून राहाव्या लागतात, एखादं सिम्युलेशन रात्रभर चालवावं लागतं. पाच तास चालणारं काम चार तासांच्या मशीनवर सुरूच करता येत नाही, मग विद्यार्थी कितीही हुशार असो.

आणि गंमत म्हणजे सामायिक मशीनवर काम टिकवायचं कसं हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी टाइम-शेअरिंगची, म्हणजे एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायची, व्यवस्था उभी केली, बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा त्याच खटाटोपातून आली. कॉम्प्युटर मोजका, वापरणारे अनेक, जागोजागी टेलिटाइप (कॉम्प्युटरला तारेने जोडलेली, टाइपरायटरसारखी मशीन्स) ठेवलेले, आणि सायन्सचा असो की साहित्याचा, कुठल्याही विद्यार्थ्याने येऊन बसावं. (मुलींना तिथे १९७२ पर्यंत प्रवेशच नव्हता, तेव्हा ‘कुठल्याही’ हा शब्द जपून घ्यायचा.) त्यांच्या डोळ्यांसमोर नमुना होता तो उघड्या कपाटांच्या लायब्ररीचा: पुस्तक कशाला हवंय असं तिथे कोणी विचारत नाही, तसं कॉम्प्युटर कशाला हवाय हेही कोणी विचारू नये. तेव्हा स्वतःचा कॉम्प्युटर ही भानगडच नव्हती, सगळेच उसनवारीवर होते. मग चाललं कसं? तर टेलिटाइपवरून उठलं तरी काम जात नव्हतं म्हणून. प्रत्येकाला आपला नंबर होता, ‘सेव्ह’ दिलं की प्रोग्राम त्या नंबरावर जमा, आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच टेलिटाइपवर बसून ‘ओल्ड’ टाईप करून नाव दिलं की कालचा प्रोग्राम हजर. आज आपण त्या विद्यार्थ्याच्या हातात तेव्हाच्या अख्ख्या कॉलेजच्या कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान मशीन देतो आणि ‘ओल्ड’ तेवढं काढून घेतो. रोज ‘न्यू’, म्हणजे पुन्हा कोऱ्यापासून सुरुवात. मग म्हणतो, बघा, उसन्यावर अभ्यास होत नाही.

आता ‘स्वतःचाच हवा’वाल्यांचं बघू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करतो. स्वतःच्या मशीनशी माणसाचा हात बसतो, ते बिघडलं तर दुरुस्त करायला शिकतो, रात्री दोनला काही सुचलं तर उघडता येतं, आणि चाळे करून बघायची भीती नसते, जी कॉम्प्युटर शिकण्यातली निम्मी गोष्ट आहे. हे सगळं खरं. पण यातलं मालकीमुळे किती होतं आणि मशीन सतत जवळ असल्यामुळे किती होतं? रात्री दोनला लॅपटॉप उघडणाऱ्याला पावती कोणाच्या नावावर आहे त्याने काय फरक पडतो? टर्मभर जवळ असलेलं उसनं मशीन यातलं बहुतेक सगळं देतं. उलट मालकी देऊन टाकली की बाकी आपोआप होईल या समजुतीचं काय झालं तेही बघा. २००५ मधे अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटेंनी दर मुलामागे एक स्वस्त लॅपटॉप अशी मोठी घोषणा केली, पेरू देशाने असे लाखो लॅपटॉप घेतले, आणि २०१२ मधे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासात गणितात आणि भाषेत त्याचा काही परिणाम दिसला नाही. ती शाळेतली मुलं होती, कॉलेजची नाहीत, त्यामुळे हे उदाहरण मी फार ताणणार नाही. पण एवढं कळतं की मशीन पोचवणं वेगळं आणि त्यावर अभ्यास होईल अशी व्यवस्था लावणं वेगळं. ही दुसरी गोष्ट करू शकणारी माणसं लायब्ररीच्या काउंटरमागे आधीच बसलेली आहेत.

आणि लायब्ररीने पुस्तकंच सांभाळावीत म्हणणाऱ्यांना एकच विचारायचंय, सांभाळावीत म्हणजे काय? मध्ययुगात युरोपात पुस्तकं कपाटाला साखळीने बांधलेली असायची, इंग्लंडातल्या हेरफर्ड कॅथेड्रलमधे तसा संग्रह अजून बघायला मिळतो. साखळीमागचं कारण चुकीचं नव्हतं, हाताने लिहिलेलं एकेक पुस्तक म्हणजे महिन्यांची मेहनत, चोरीला गेलं तर गेलंच. पण छपाईने पुस्तकं स्वस्त झाली तरी कितीतरी काळ साखळ्या तशाच राहिल्या, कारण नियम एकदा पडला की तो का पडला हे लोक विसरतात. १९३१ साली आपल्याकडचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच ‘पुस्तकं वापरासाठी असतात’ असा आहे, आणि तो समजावताना त्यांनी या साखळ्यांचाच दाखला दिलाय. आज चार तासांची मुदत, इमारतीबाहेर बंदी आणि रीस्टार्टला पुसणं ही तीन कड्यांची साखळीच आहे, फक्त लोखंडाची नाही म्हणून दिसत नाही. लॅपटॉप दुर्मिळ आणि महाग होते तेव्हा ती पडली. तेव्हा ठीक होतं.

टर्मभर लॅपटॉप द्यायच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो लायब्ररीयन लोकच मांडतात. त्यांचं म्हणणं असं की आमच्याकडे समजा वीस लॅपटॉप आहेत, चार तासांनी दिले तर दिवसाला साठ जणांना मिळतात, टर्मभर दिले तर टर्मला फक्त वीस जणांना, मग बाकीच्यांनी काय करायचं, आणि नियम सगळ्यांना सारखा नको का? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सारख्या नियमाची परंपरा लायब्ररीत जुनी आणि अभिमानाची आहे, १६४५ साली इंग्लंडच्या राजाने, पहिल्या चार्ल्सने, ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीकडे एक पुस्तक उसनं मागितलं तर ग्रंथपालाने नियम दाखवून नाही म्हटलं आणि राजानेही ते ऐकून घेतलं. छान गोष्ट आहे. पण राजाकडे पुस्तकांची वानवा होती का? तेच इथे आहे. त्या साठ जणांत लॅपटॉप खोलीवर विसरलेला आहे, चार्जर तुटलेला आहे, पाठीवर वजन नको म्हणून न आणलेला आहे, आणि ज्याच्याकडे मशीनच नाही तोही आहे. पहिल्या तिघांची गरज चार तासांत भागते, चौथ्याची चार तासांत सुरूसुद्धा होत नाही. या दोन्ही गरजांना एकच मुदत देणं कागदावर समान दिसतं एवढंच. आणि दोन प्रकारच्या मुदती लायब्ररीला नव्या आहेत का? रेफरन्सचं पुस्तक तिथेच बसून वाचायचं, टेक्स्टबुक एका रात्रीसाठी न्यायचं, बाकीची काही आठवड्यांसाठी, हे तर कायमचं चालत आलंय. मग लॅपटॉपचेही दोन गठ्ठे करा, थोडे काउंटरवर तासांसाठी आणि उरलेले टर्मभरासाठी. साठ हा आकडा अहवालात दिसायला चांगला असतो हे मला कळतं, पण साठ वेळा इश्यू झालेला लॅपटॉप आणि एकाचा पूर्ण झालेला प्रोजेक्ट यांची तुलना इश्यूच्या आकड्यावर कशी करणार? शिवाय हे होऊच शकत नाही असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. २०२० मधे इमारतींना कुलूपं लागली तेव्हा कित्येक विद्यापीठांनी हेच लॅपटॉप टर्मभरासाठी विद्यार्थ्यांना देऊन टाकले होते. साथ ओसरली आणि बऱ्याच ठिकाणी ते परत कपाटात जाऊन बसले.

मग तोडफोडीचा आणि चोरीचा मुद्दा. लॅपटॉप पडतात, त्यांच्यावर चहा सांडतो, काही परत येत नाहीत, हे होणारच आणि त्याचे पैसे कोणाला तरी भरावे लागणार. यावर लगेच सुचवलं जाणारं उत्तर म्हणजे डिपॉझिट आणि उशिरासाठी जबरी दंड, आणि ते दिसायला शहाणपणाचं असलं तरी नेमकं ज्याच्यासाठी योजना आहे त्यालाच दारात अडवणारं आहे. डिपॉझिट भरण्याएवढे पैसे हाताशी असलेला मुलगा जुना लॅपटॉप नसता का घेत? दंडाबद्दल तर लायब्रऱ्यांनीच अनुभव घेऊन मत बदललंय, २०१९ मधे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने दंड म्हणजे सामाजिक विषमतेचाच एक प्रकार असा ठराव केला, त्याच वर्षी शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक लायब्रऱ्यांनी उशिराचा दंड काढून टाकला, २०२१ मधे न्यूयॉर्कनेही तेच केलं. लक्षात घ्या, हरवलेल्या वस्तूची भरपाई त्यांनी माफ केलेली नाही, दिवसागणिक वाढत जाणारा दंड तेवढा बंद केला. आणि एक गोष्ट नुकसानीच्या हिशोबात कधीच धरली जात नाही, ती म्हणजे लॅपटॉप कपाटात ठेवला तरी तो खराब होतोच. बॅटरी न वापरताही मरते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जपून जपून ठेवलेली किती मशीन्स त्या दिवशी एकदम म्हातारी झाली, कारण विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यांच्यात नव्हती. (त्यांच्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून अजून काही वर्षं आरामात काढता येतात, पण ते टाकायला आयटीवाल्यांना कोणी सांगेल तर.) पुस्तक शंभर वर्षं जपता येतं, लॅपटॉपचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. तो झिजवायचाच असतो.

सुरक्षेचा मुद्दा आणला की मात्र भलेभले गप्प बसतात. ‘रीस्टार्टला सगळं पुसतो ते तुमच्याच प्रायव्हसीसाठी’, असं म्हटलं की पुढे काय बोलणार? आणि ते खोटंही नाही, दिवसातून चार जणांच्या हातून जाणाऱ्या मशीनवर एकाचा मेल उघडा राहून दुसऱ्याला दिसणं ही खरीखुरी भीती आहे, व्हायरसचीही आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशीच एक भीती पुस्तकांबद्दल होती, खऱ्या रोगजंतूंची. लायब्ररीच्या पुस्तकातून क्षय आणि स्कार्लेट फीव्हर पसरतो असं लोक धरून चालले होते, पुस्तकांना धुरी दिली जायची, आणि इंग्लंडात १९०७ साली कायद्यातच आलं की संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाने सार्वजनिक लायब्ररीचं पुस्तक घ्यायचं नाही. लायब्रऱ्या बंद करा म्हणणारेही होते. लायब्रऱ्यांनी काय केलं? परत आलेल्या पुस्तकांचा बंदोबस्त केला आणि देणं चालू ठेवलं. तसंच इथेही पुसायचं ते परत आल्यावर. टर्म संपली, लॅपटॉप काउंटरवर आला, पूर्ण पुसून नव्याने सिस्टिम टाकली, पुढच्याला दिला. ज्या चार महिन्यांत ते मशीन एकाच माणसाच्या हातात आहे त्या चार महिन्यांत त्याचं काम रोज पुसून कोणाचं रक्षण होतंय? उलट दीर्घ मुदतीच्या मशीनमधे प्रायव्हसीला धोका आधीच्या विद्यार्थ्याकडून कमी आणि संस्थेकडून जास्त असतो. २०१० मधे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन स्कूल डिस्ट्रिक्टचं प्रकरण बाहेर आलं, मुलांना घरी न्यायला दिलेल्या लॅपटॉपमधे चोरीचा माग काढायला म्हणून टाकलेलं सॉफ्टवेअर वेबकॅमने मुलांचे त्यांच्या घरातले फोटो काढत होतं, असे हजारो फोटो आणि स्क्रीनशॉट निघाले, खटला झाला, भरपाई द्यावी लागली. तेव्हा लॅपटॉप घेताना विद्यार्थ्याने विचारायचं ते हे: यात माझ्यावर नजर ठेवणारं काय काय आहे आणि ते कोण बघतं? इश्यू करतानाच्या कागदावर याचं उत्तर लेखी असायला हवं. ते मागणारे मला फार थोडे दिसतात.

‘पण आता सगळं क्लाउडवर आहे की’ हा मुद्दा मी जरा उशिरा घेतोय कारण तो अर्धा बरोबर आहे. गूगल डॉक्समधे निबंध लिहा, ओव्हरलीफ या साइटवर लाटेकमधे रिपोर्ट लिहा, गूगलच्या कोलॅबवर पायथनचे प्रोग्राम चालवा, ब्राउझर बंद केला तरी फाईल जागेवर राहते, म्हणजे डार्टमथचं ‘ओल्ड’च एका अर्थाने परत आलंय. तासांचा लॅपटॉप घेऊनच भागवावं लागणाऱ्याला मी पण हेच सांगेन, शक्य ते सगळं ब्राउझरमधे करा, फाईल डेस्कटॉपवर ठेवूच नका, ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड पोर्टल देत असेल तर कागदावर लिहून जवळ ठेवा, उठताना साइन आउट करा. पण कोलॅबच्या फुकटच्या सेशनला वेळेची मर्यादा असते, नेट गेलं की सगळंच थांबतं, आणि ड्रॉइंगसाठीच्या कॅडपासून ऑडिओ एडिटिंगपर्यंत कितीतरी सॉफ्टवेअर मशीनवर बसवल्याशिवाय चालत नाही. ‘मोबाईलवर कर ना मग’ असं म्हणणाऱ्यांनी तीस पानांच्या रिपोर्टचे तळटीपांसकट संदर्भ एकदा मोबाईलवर लावून बघावेत. बोलणं तिथेच संपेल.

इथपर्यंत सगळा रोख लायब्ररीवर गेला खरा, पण गुंतागुंत वाढवणारं दुसरंच खातं आहे. लायब्ररी लॅपटॉप देते, कॉलेजचं आयटी त्याला कुलपं लावतं, आणि असाइनमेंट देणारे शिक्षक या दोघांशी बोललेले नसतात. शिक्षकाने टर्मच्या मध्यात सांगायचं की अमुक सॉफ्टवेअर टाकून आणा, आयटीने सांगायचं की अ‍ॅडमिन राईट्स मिळणार नाहीत, लायब्ररीयनने सांगायचं की आमच्या हातात काही नाही, आणि विद्यार्थ्याने या तिघांमधे फेऱ्या मारत शेवटी मित्राचा लॅपटॉप रात्री मागायचा. परीक्षेचं तर विचारूच नका, ऑनलाइन परीक्षेसाठी लागणारे लॉकडाऊन ब्राउझर, म्हणजे परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू न देणारे ब्राउझर, मशीनवर इन्स्टॉल करावे लागतात, वेबकॅम मागतात, म्हणजे लायब्ररीच्या कुलूपबंद लॅपटॉपवर ते आधीच टाकून ठेवलेले नसतील तर त्या मुलाची परीक्षाच होणार नाही. कोणी मुद्दाम करतं का हे? नाही. प्रत्येकाने आपापल्या डोक्यात एक विद्यार्थी धरलेला आहे ज्याच्याकडे स्वतःचं, चालू, भरपूर जागा असलेलं मशीन आहे, आणि सिलॅबस त्या मुलासाठी लिहिला जातो. तेव्हा टर्म सुरू व्हायच्या आधी प्रत्येक कोर्सने लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी लायब्ररीला द्यायची, आयटीने ते टर्मभराच्या लॅपटॉपवर टाकून द्यायचं, आणि ज्या कोर्सला हे जमत नसेल त्याने प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायचं की आमच्याकडे असं असं मशीन लागतं. मधेच आठव्या आठवड्यात नाही. आणि नुसतं मीटिंगमधे ‘आपल्या लायब्ररीत लॅपटॉपची सोय आहे’ म्हणून मान डोलावणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःचं कार्ड घेऊन काउंटरवर जावं, चार तासांचा लॅपटॉप इश्यू करून घ्यावा आणि आपलीच पहिली असाइनमेंट त्यावर पूर्ण करून सबमिट करून दाखवावी. ओटीपीसकट.